पोकरमधली मोठी नावं: कर्तृत्व किती, पानं किती?

किलवर_दुर्री

गेल्या शनिवारी कोथरूडला मित्राच्या गच्चीवर पोकरचा डाव मांडला होता. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं, तेव्हापासून आमची टोळी पुन्हा गच्चीवर आली आहे आणि चिप्सच्या जागी खारे शेंगदाणे आलेत. एका डावात मी गुलामांची जोडी धरून शेवटच्या पानापर्यंत ताणलं. समोरच्याने सिक्वेन्स दाखवला आणि सगळे दाणे ओढून नेले. त्यावर आमच्यातला एक, जो यूट्यूबवर पोकर लावल्याशिवाय जेवत नाही, म्हणाला, "इथे फिल आयव्हीने डोळे मिटून फोल्ड केलं असतं." (आयव्ही म्हणजे अमेरिकेचा नामांकित व्यावसायिक खेळाडू, फोल्ड म्हणजे पानं टाकून देणं.) मी म्हटलं, "आयव्हीचे किती डाव बघितलेस तू? जे दाखवले तेवढेच ना?" तिथून पेटलेलं भांडण वॉचमनने येऊन दिवा घालवेपर्यंत चाललं. राहिलेलं इथे आणलंय.

माझं म्हणणं असं, की पोकरमध्ये कसब आहे, नक्की आहे. पण कुणाकडे ते आहे हे ठरवायची आपली पद्धत बोगस आहे.

ख्रिस मनीमेकरचं उदाहरण घ्या. टेनेसीचा अकाउंटंट, ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून २००३ च्या वर्ल्ड सीरीज या पोकरच्या जागतिक स्पर्धामालिकेच्या मुख्य स्पर्धेला, म्हणजे मेन इव्हेंटला पोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. शेवटी दोघंच उरलेले असताना सॅम फार्हाविरुद्धचा तो प्रसिद्ध ब्लफ. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. फार्हाकडे राणी-नव्वी. टेबलावरची दोघांची सामायिक पानं नव्वी, दुर्री, छक्की, मग अठ्ठी, शेवटी तिर्री. फार्हाची नव्व्यांची जोडी लागलेली, मनीमेकरच्या हाती काहीच नाही, फ्लशही (एकाच रंगाची पाच पानं) हुकला आणि सिक्वेन्सही. तरी गड्याने सगळ्या चिप्स पुढे सारल्या. फार्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला, "फ्लश हुकला ना तुझा?" असं तोंडाने म्हणालाही, आणि पानं टाकून दिली! निदान बरोबर, औषध चुकलं.

शतकातला ब्लफ म्हणून त्याचा उदो उदो झाला. फार्हाने कॉल केला असता, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून पानं उघडायला लावली असती, तर तोच डाव 'हौशी माणूस शेवटी हौशीच' म्हणून दाखवला गेला असता. आणि तो कॉल करेल की नाही, हे त्या क्षणी मनीमेकरच्या हातात नव्हतं.

दुसरं, जुन्या विजेत्यांपुढे स्पर्धक किती होते ते बघा. डॉयल ब्रन्सन १९७६ आणि १९७७ असा लागोपाठ दोनदा मेन इव्हेंट जिंकला. पहिल्या वर्षी खेळायला होते २२ जण, दुसऱ्या वर्षी ३४. एवढी माणसं आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला असतात. वर दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी-दुर्री होती, दोन्ही वेळा तो मागे होता आणि दोन्ही वेळा शेवटच्या दोन पानांत दुर्री आणि दश्शी येऊन त्याचं फुल हाउस (तीन सारखी पानं आणि एक जोडी) झालं. त्या पानांना आज जगभर 'डॉयल ब्रन्सन' म्हणतात! २०२४ ला याच स्पर्धेत १०,११२ जण होते. तुम्ही सरासरी खेळाडूच्या तिप्पट भारी असाल आणि दर वर्षी तेवढेच लोक आले, तरी हिशोबाने एकदा जिंकायला ३,३७० वर्षं लागतील.

पोटापाण्यासाठी मी विमा कंपनीत आकडेमोड करतो, म्हणून अजून एक हिशोब. समजा एखादा कॅश गेमचा (स्पर्धा नव्हे, थेट पैशांवरचा डाव) चांगला खेळाडू १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड (डावाआधी लावायची ठरलेली सक्तीची पैज) कमावतो. त्याच १०० डावांतली चढउतार (प्रमाण विचलन) सहज ९० बिग ब्लाइंडच्या आसपास असते. म्हणजे १०,००० डाव खेळल्यावरही तो तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्के. प्रत्यक्ष टेबलावर तासाला ३० डाव धरले, तर ते झाले ३३३ तास. दर शनिवारी सहा तास बसणाऱ्या माणसाचं हे एक वर्ष. म्हणजे चांगल्या दहा जणांतले तिघे वर्षभराने 'मला हा खेळ जमत नाही' म्हणून उठतील आणि तेवढ्या काळात दोन-चार ढ लोक चॅनल काढून आपल्याला शिकवायला लागतील.

बोला.

रात्रपाळी

जागा धरून ठेवतोय. चहा घेऊन येतो.

तुळशीवृंदावन

जुगार तो जुगार. जिंकला तो हुशार आणि हरला तो कर्जबाजारी, एवढाच फरक. माझ्या चुलतभावाने ऑनलाइन रमीत काय घालवलं ते आमच्या घराला विचारा. त्यांच्या 'कीर्ती'ची चर्चा तरी कशाला करायची, हेच मला कळत नाही.

दादरचा_नोट्रम्प

तुळशीताई, राग समजू शकतो. पण धागा कसबाबद्दल आहे, तर ब्रिजवाला म्हणून तोंड उघडतो. आमच्याकडे या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागलाय. डुप्लिकेट ब्रिजमध्ये एकदा वाटलेली पानं बोर्डमध्ये घालून टेबलाटेबलांवर फिरवतात. मला आलेली भिकार पानं दुसऱ्या टेबलावर माझ्याच दिशेला बसलेल्या माणसालाही येतात. त्याने त्यातून नऊ दस्त काढले आणि मी आठ, तर मी कमी पडलो, नशिबाला शिव्या देऊन भागत नाही. दादरला तीस वर्षं खेळतोय, 'पानंच आली नाहीत हो' हे वाक्य तिथे कुणी उच्चारत नाही. लोक हसतील.

पोकरवाल्यांकडे असं काही नाही, तोपर्यंत त्यांचे 'महान' हे आमच्या चाळीतल्या गणपतीतल्या रमीच्या विजेत्यासारखेच.

किलवर_दुर्री

नोट्रम्पकाका, 'काही नाही' म्हणता येणार नाही. २०१७ साली पिट्सबर्गच्या कसिनोत कार्नेगी मेलनच्या लिब्रेटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं. त्यात तुमचीच युक्ती होती. एका खेळाडूला जी पानं, तीच दुसऱ्या खोलीत त्याच्या जोडीदारासमोरच्या यंत्राला. म्हणजे नशीब वजा करता येतं. फक्त तसं केलं की टीव्हीवर बघायला कुणी बसणार नाही.

डॅलसचा_डबा

इथे टेक्सासमध्ये राहून पोकरवर गप्प बसणं बरं दिसत नाही. 😀

किलवरभाऊ, तुम्ही एका विजयावर टीका करताय ती मान्य. पण डॅन हॅरिंग्टनचं काय? १९९५ चा विजेता. मग २००३ मध्ये, त्या मनीमेकरच्याच वर्षी, ८३९ जणांत तिसरा. पुढच्या वर्षी २,५७६ जणांत चौथा. हे बोलाफुलाला गाठ म्हणून सोडून द्यायचं? आणि गंमत बघा, २००३ ची आठवण काढली की सगळ्यांना मनीमेकर आणि फार्हा आठवतात. हिरवी टोपी घालून गप्प बसलेला हा माणूस कुणाला आठवत नाही.

किलवर_दुर्री

हॅरिंग्टनला माझाही सलाम. पण मग मार्क न्यूहाउसला पण करा. २०१३ ला ६,३५२ जणांत नववा, २०१४ ला ६,६८३ जणांत पुन्हा नववा. लागोपाठ दोन वर्षं शेवटच्या नऊत! आधीच बोट दाखवून 'हा माणूस दोन्ही वर्षी येईल' म्हणायचं, तर नुसत्या नशिबावर ही शक्यता पाच लाखांत एक. हॅरिंग्टनची २६-२७ हजारांत एक. मग न्यूहाउस वीस पट थोर का? त्याचं नाव तर 'दोनदा नववा आलेला बिचारा' म्हणून घेतात.

आता त्यातली मेख सांगतो. आपण बोट आधी दाखवत नाही, नंतर दाखवतो. २०१३ च्या नऊ जणांपैकी कुणीही पुढच्या वर्षी पुन्हा नऊत आला असता, तरी आपण त्याच्याबद्दलच बोललो असतो. नऊही जण परत खेळले असं धरलं, तर ती शक्यता साधारण ८० त एक. तशी वर्षं कितीतरी झाली. कधी ना कधी कुणीतरी येणारच होतं.

हॅरिंग्टनच्या बाजूने माझ्या मते तो जास्तीचा पुरावा म्हणजे १९९५.

रात्रपाळी

चहा घेऊन आलो तर इथे दहावीचं संभाव्यता प्रकरण सुरू. 🙏

फेरीबोट

बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज लिहितो. पणजीला मांडवीतल्या एका बोटीवर मी सहा वर्षं डीलर होतो. पोकर टेबलावर चार वर्षं. आता कुडाळला गॅरेज आहे.

बाहेरून बघणाऱ्याला डाव दिसतो. डीलरला हात दिसतात. स्पर्धा असली की आम्हाला अर्ध्या-अर्ध्या तासाने टेबल बदलायला लागायचं, त्यामुळे एका रात्रीत सगळ्यांसमोर बसून व्हायचं. रील्सवर गाजलेला एक गडी यायचा. चिप्स बोटांत अशा खेळवायचा की शेजारचे पानं बघायचे सोडून त्याची बोटं बघायचे. एकदा मोठी स्पर्धा मारलेली, फोटो सगळीकडे. पण एखादा डाव हरला की पुढचे दहा-बारा डाव तो प्रत्येक पान खेळायचा. काय आलंय ते बघायचा पण नाही. चार वाजेपर्यंत तीनदा पैसे आणायचा आणि ते पैसे त्याचे नसायचे. मागे उभा असलेला दुसराच माणूस द्यायचा. जिंकला की फोटोत मात्र तो एकटा.

ह्याच्या उलट एक काका. आमच्या सिंधुदुर्गातलेच, बँकेतून निवृत्त. महिन्यातून दोनदा यायचे. पोकर टेबलाच्या कोपऱ्यात बसायचे, लिंबूसोडा मागवायचे. अर्धा अर्धा तास एक डाव खेळायचे नाहीत. हरले तरी आणि जिंकले तरी ठरलेल्या वेळी उठून जेट्टीवर जायच्या छोट्या बोटीत बसायचे. एकदा त्यांना राजांची जोडी आली होती, समोर ढीग पडलेला, आणि समोरच्याने ऑल-इन केलं, म्हणजे होत्या तेवढ्या चिप्स लावल्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पानं माझ्याकडे सरकवली. समोरच्याने हौसेने एक्क्यांची जोडी उलटून दाखवली. टेबलावर कुणी 'वा' म्हटलं नाही, कारण काकांनी आपली पानं दाखवलीच नाहीत. मला तरी कुठे कळणार होती. मी ती गोळा केली, मक केली (टाकलेल्या पानांत मिसळली) आणि पुढचा डाव वाटला. राजे होते हे नंतर बोटीत त्यांनीच सांगितलं.

दादरचा_नोट्रम्प

फेरीबोट, तुम्ही वेगळा लेखच लिहा हो.

आणि त्यांनी खरंच राजे टाकले होते, हे कशावरून?

फेरीबोट

😀 हा प्रश्न येणार होताच. नाही कळायचं. त्यांचा शब्द.

सॉल्व्हरपुत्र

सगळे काका लोक जुन्या आठवणी काढतायत, म्हणून थोडं कटू बोलतो. हलके घ्या. ब्रन्सन, जॉनी चॅन, हेलम्युथ हे जुने विजेते आजच्या टेबलावर टिकणार नाहीत. २०१५ नंतर सॉल्व्हर, म्हणजे सर्वोत्तम चाल काढून देणारे प्रोग्रॅम आले. कुठल्या पानावर किती टक्के वेळा किती बेट लावायची, हे एकोणीस वर्षांच्या पोराला पाठ असतं. हेलम्युथकडे १७ ब्रेसलेट (वर्ल्ड सीरीजची स्पर्धा जिंकली की मिळतं ते) आहेत आणि बडबड १७० ची आहे. मेन इव्हेंट जिंकला तो १९८९ ला, १७८ जणांत.

डॅलसचा_डबा

हेल्मेट न घालता वेस्ट इंडीजला खेळलेल्या गावसकरला आजच्या स्ट्राइक रेटने मोजणार का? ब्रन्सनच्या वेळी ना सॉल्व्हर होते ना क्लिप्स. ही मंडळी टेक्सासच्या गावोगाव फिरून खेळायची. जिंकलेले पैसे घेऊन धड घरी पोचणं हाच निम्मा खेळ होता, वाटेत लुटारू असायचे. त्या काळात जो टिकला, त्याला २२ जणांची स्पर्धा मोजून छोटं करू नका. ती स्पर्धा त्याच्या आयुष्यातले चार दिवस. बाकीची पन्नास वर्षं तो रोज कॅश गेममध्ये होता, आणि त्याची नोंद कुठल्याच यादीत नाही.

आणि हेलम्युथचं म्हणाल, तर २०२१ मध्ये एकास एक सामन्यांत त्याने डॅनियल नेग्रानूला ३-० हरवलं. नेग्रानू काय लेचापेचा आहे का?

सॉल्व्हरपुत्र

त्याच नेग्रानूला त्याच सुमारास डग पोल्क या व्यावसायिकाने एकास एकमध्येच सुमारे १२ लाख डॉलरला धुतलं. २५,००० डाव, २००/४०० च्या टेबलावर, म्हणजे बिग ब्लाइंड ४०० डॉलर. तीन सामने की २५,००० डाव? तुम्हीच सांगा.

किलवर_दुर्री

मी सांगतो. १२ लाख डॉलर म्हणजे ३,००० बिग ब्लाइंड, म्हणजे १०० डावांमागे १२. पोल्क वरचढ होता असं मीही म्हणेन. पण एकास एकमध्ये चढउतार भरलेल्या टेबलापेक्षा बरीच मोठी असते, त्यामुळे २५,००० डावांतही किती वरचढ, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. तीन सामन्यांवरून तर काहीच नाही.

नेग्रानूबद्दल माझं मत मात्र वेगळ्याच कारणाने चांगलं आहे. हा गडी वर्षाच्या शेवटी स्पर्धांचा हिशोब मांडतो. किती भरले, किती आले. तोट्याचं वर्ष असलं तरी. बाकीच्यांच्या नावापुढे आपण जे 'एकूण कमाई' वाचतो, त्यात भरलेली फी वजाच केलेली नसते! ब्रिन केनी बघा. २०१९ ला लंडनची ट्रायटन मिलियन ही स्पर्धा. प्रवेश फी साडेदहा लाख पौंड. दुसरा आला, पण शेवटी दोघांनी आपसात वाटणी ठरवली होती, म्हणून पहिल्या आलेल्या ॲरन झँगपेक्षा जास्त, जवळजवळ १.६९ कोटी पौंड घेऊन गेला. त्या एका रात्रीने तो सर्वकालीन यादीत पहिला झाला. आपल्याकडे किराणा दुकानदाराला कुणी गल्ल्यात किती आले ते बघून श्रीमंत म्हणत नाही, माल कितीचा भरला ते आधी विचारतात.

आणि फेरीबोटने सांगितलेला तो मागे उभा माणूस. १९९७ ला स्टू अंगर तिसऱ्यांदा मेन इव्हेंट जिंकला, तेव्हा १०,००० डॉलरची फी बिली बॅक्स्टरने भरली होती. दहा लाखांचं बक्षीस दोघांत वाटलं गेलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अंगर लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत मेलेला सापडला. वय ४५. हाताशी काही उरलं नव्हतं. पत्त्यांतली त्याच्याइतकी देवदत्त बुद्धी क्वचितच कुणाची असेल, हे त्याचे शत्रूही मानायचे. त्याला मी मोठा खेळाडू म्हणतो, पण त्याचं कमाईचं कोष्टक दाखवून नाही.

तुळशीवृंदावन

हे शेवटचं वाचून वाईट वाटलं. पण मग माझंच खरं ठरलं ना? सगळ्यात हुशार तो, आणि त्याची ही गत.

डॅलसचा_डबा

ताई, खेळ येणं आणि पैसा सांभाळता येणं ही दोन वेगळी कामं. कसब नसतंच म्हणणाऱ्यांसाठी: लेविट आणि माइल्स या दोन अभ्यासकांनी २०१० च्या वर्ल्ड सीरीजचे आकडे तपासले. आधीच्या कामगिरीवरून ७२० जण 'निष्णात' म्हणून आधीच वेगळे काढले. म्हणजे किलवरभाऊ म्हणतात तसं बोट आधी दाखवलं. त्यांना गुंतवणुकीवर ३० टक्क्यांहून जास्त फायदा झाला, बाकीच्यांना १५ टक्क्यांहून जास्त तोटा. निव्वळ नशीब असतं, तर हा फरक आला नसता.

किलवर_दुर्री

हा सगळ्यात चांगला पुरावा. पण बघा, तो ७२० जणांच्या घोळक्याबद्दल आहे. घोळका भारी आहे हे कळतं. घोळक्यातला एक नंबर कोण, हे त्यातून कळत नाही. आणि आपण पोस्टर लावतो ते एकाचं.

रात्रपाळी

मूळ भांडण आयव्हीवरून होतं ना? त्याचं काय झालं?

डॅलसचा_डबा

आयव्हीचं मी सांगतो. आमच्या डॅलसचा बँकर अँडी बील. व्हेगासला जाऊन व्यावसायिकांना आव्हान द्यायचा. २००६ मध्ये आयव्हीने त्याच्याकडून तीन दिवसांत १.६६ कोटी डॉलर जिंकले. शिवाय ११ ब्रेसलेट, तीही वेगवेगळ्या प्रकारांत. पत्ते सात आले काय, चार आले काय, त्याला फरक पडत नाही. एकाच खेळात एकदा नशीब चालतं, पाच खेळांत वीस वर्षं नाही चालत.

दादरचा_नोट्रम्प

आणि आयव्हीचं लंडनचं प्रकरण? क्रॉकफर्ड्स कसिनोतलं?

डॅलसचा_डबा

ते पोकर नव्हतं, पुंटो बँको होतं, म्हणजे बॅकरॅटचा एक प्रकार, कसिनोविरुद्ध खेळायचा. २०१२. त्या गड्डीची मागची नक्षी दोन्ही कडांना अगदी सारखी नव्हती. आयव्ही आणि त्याची साथीदार चंग यिन सन यांनी 'आमची श्रद्धा आहे' असं सांगून डीलरकडून सात, आठ, नऊ ही कामाची पानं उलट्या बाजूने फिरवून घेतली. पिसायला यंत्र असल्याने फिरवलेली पानं तशीच राहिली. मग काय, पाठ बघून पोट ओळखायचं. ७७ लाख पौंड जिंकले. कसिनोने दिलेच नाहीत, त्याचे स्वतःचे दहा लाख तेवढे परत केले. आयव्ही कोर्टात गेला आणि २०१७ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. मजेची गोष्ट म्हणजे, 'आपण फसवत नाही' असं त्याला मनापासून वाटत होतं, हे कोर्टाने मान्य केलं. तरी ही फसवणूकच, असा निकाल दिला.

दादरचा_नोट्रम्प

ब्रिजमध्ये हे केलं असतं तर जन्मात पुन्हा टेबलावर बसू दिलं नसतं.

सॉल्व्हरपुत्र

कसिनोचे नियम कसिनो ठरवतो, खेळ कसिनोचा, पानं कसिनोची. एवढं करूनही त्यांना कळलं नाही, तर चूक कुणाची? माझ्या नजरेत आयव्हीची किंमत वाढली.

फेरीबोट

डीलर म्हणून सांगतो, पानं फिरवणाऱ्या त्या पोरीची नोकरी डोळ्यांसमोर येते. गिऱ्हाईक म्हणालं, वरिष्ठांनी मान हलवली, म्हणून तिने फिरवली. आम्हाला गिऱ्हाइकाच्या श्रद्धा सांभाळायलाच शिकवतात. कुणाला नवी गड्डी हवी, कुणाला जुनी, कुणाला डाव्या हाताने वाटलेलं नको. तुम्ही आयव्ही मोठा की लहान ते ठरवा.

किलवर_दुर्री

फेरीबोट, हे मनाला लागलं.

बरं, आयव्हीबद्दल मी मित्राला फोन करून अर्धी माघार घेतली. 'तो भारी आहे, पण माझ्या गुलामांचं त्याने काय केलं असतं, हे तुला ठाऊक नाही' असं. तो म्हणाला शनिवारी ये, दाणे आण, गेल्या वेळचे आम्ही खाल्ले.

एक विचारायचं राहिलं. ते बँकेतले काका एकूणात फायद्यात होते का?

फेरीबोट

त्यांच्याकडे एक छोटी वही असायची. बोटीत बसले की पहिल्यांदा तीच काढायचे. तारीख, आणले किती, नेले किती, आणि लिंबूसोड्याचे पैसेसुद्धा. एकदा माझी ड्यूटी संपली होती, एकाच बोटीने जेट्टीला आलो. तेव्हा धीर करून विचारलं, "काका, फायद्यात की तोट्यात?" म्हणाले, "शेवटच्या पानावर बेरीज आसा." मी म्हटलं, "दाखवा की." हसले, वही शर्टाच्या आतल्या खिशात घातली आणि म्हणाले, "तुका पानं दाखवल्यार माका पैसे देतलंस?"